टोन द्या

पुणे, ३ फेब्रुवारी २०२५
(पोस्टाने)

ती. श्यामकाकांना नीरजाचा नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, घरात सगळे खुशाल आहेत. फोनवर हा विषय काढला की तुम्ही "आवाज तुटतोय गो" म्हणून ठेवून देता, आणि ई-मेल तुम्ही उघडत नाही. म्हणून शेवटी पोस्टाचं तिकीट शोधलं. ते शोधायला फार हिंडावं लागलं.

विषय मुरुडच्या ऑफिसातल्या फॅक्सचा आहे. आपल्या हरेश्वर कॅनिंगच्या विक्रीचं काम मी इथून बघते, तेव्हा त्या मशीनवर वर्षभरात येतं काय, असं मी गंधारला विचारलं. तुमच्याच चिरंजीवांचं उत्तर असं: कर्ज घ्या म्हणून एका बँकेचं आर्जव, गोव्याच्या कुठल्याशा हॉटेलची जाहिरात, भलत्याच कुणाच्या तरी रक्ताचा रिपोर्ट, आणि मस्कतच्या गुरुप्रसाद खातूंची आमरसाची ऑर्डर. रक्तवाल्या बाईंना साखर आहे, ते तुम्ही फोन करून कळवलंत म्हणे.

काका, आता ऑर्डरी ई-मेलवर येतात, बिलं संगणकावर निघतात, बंदरावरचे कागद मोबाइलवर पास होतात. फॅक्सचा रोल दापोलीत मिळत नाही म्हणून गंधार चिपळूणला जाऊन आला. बरं, त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, म्हणून तुम्ही आलेल्या फॅक्सचा लगेच झेरॉक्स काढून ठेवता. बीएसएनएलची लाइन पावसाळ्यात बंद असतेच. मार्चअखेर ती कायमची बंद करू या का? जोडणी तुमच्या नावावर आहे. अर्ज सोबत ठेवलाय, फक्त सही करायची.

काकूंना नमस्कार.

तुमची,
नीरजा

मुरुड, १० फेब्रुवारी
(फॅक्सने, मार्फत विनीत झेरॉक्स, कोथरूड)

चि. नीरजाला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि अर्ज मिळाला. अर्जाची मागची बाजू कोरी होती, ती फुकट कशाला घालवायची म्हणून हे उत्तर तिच्यावरच लिहून पाठवतोय. पुण्यात फॅक्स घेणारं दुकान मिळवताना माझा अख्खा सकाळचा वेळ गेला. या विनीतला फोन करून "टोन द्या", म्हणजे फॅक्स घ्यायचं बटण दाबा, असं म्हटलं, तर तो विचारतो, "कसली?" एवढी पुढे गेली आहेत तुमची माणसं.

आता गुरुप्रसादचं ऐक. दापोलीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तो मूळचा खेडचा, तरुणपणी मस्कतला गेला आणि तिथे वाणसामानाचं दुकान काढून बसला. गेली काही वर्षं त्याला ऐकू येत नाही, तेव्हा फोनचा उपयोग नाही. राहता राहिला तुझा ई-मेल. तो त्याला जमणारा नव्हे. टाक दौतीत बुडवताना सदरा निळा करणारा माणूस तो, या वयात बटणं काय दाबणार?

दरवर्षी महाशिवरात्रीच्या सुमाराला मी त्याला मोहराचा कागद पाठवतो. कुठल्या कलमावर मोहर कसा आहे, थंडी टिकली की नाही, तुडतुड्याची कीड कुठे लागली, शेजाऱ्यांचं काय. तो सावकाश वाचतो, उलट शंका विचारतो आणि मग आमरसाच्या डब्यांची ऑर्डर पाठवतो. आमचा हा रिवाज तू जन्मायच्या आधीपासूनचा आहे. लाइन बंद झाली, तर आपल्याला ई-मेल येत नाही हे तो कुणाला सांगणार नाही. नुसता गप्प बसेल. तसला गप्प बसलेला गुरुप्रसाद मला नको आहे.

आणि खरं सांगू का, त्या मशीनपायी मी रोज ऑफिसात जातो. नाहीतर माझं तिथे काय काम उरलंय? गंधारने सगळं नीट लावून घेतलंय.

वाशीला काल देवगडची पेटी काय भावाने गेली ते पाहिलंस ना? यंदा हंगाम लवकर येणार.

तुझा,
श्यामकाका

पुणे, १४ फेब्रुवारी
(पोस्टाने)

ती. काका,

फॅक्स मिळाला. विनीतने घाईने बोलावून घेतलं, कारण त्याचं मशीन चालू झालेलं बघायला कॉलेजची मुलं जमली होती आणि एक जण व्हिडिओ काढत होता.

तुमचं म्हणणं पटलं. गुरुकाकांना कमीपणा येईल असं मी काही करणार नाही. मी त्यांनाच विचारते. फॅक्सशिवाय त्यांची अडचण होणार असेल तर लाइन राहील, शब्द दिला.

वाशीचा भाव मात्र तुम्हाला आमच्याआधी कसा कळला?

नीरजा

पुणे, १४ फेब्रुवारी
(ई-मेलने, खातू ट्रेडिंग, मस्कत यांच्या पत्त्यावर)

आदरणीय गुरुकाका,

मी नीरजा दातार, मुरुडच्या श्याम दातारांची पुतणी. हा मेल दुकानातल्या कुणीतरी छापून गुरुकाकांच्या हातात द्यावा, ही विनंती.

काका, आम्ही मुरुडची फॅक्सची लाइन बंद करायचा विचार करतोय. श्यामकाकांना तुमची काळजी आहे. तुमच्या ऑर्डरीसाठी तुम्हाला सोयीचा दुसरा काही मार्ग आहे का, ते कळवाल? अगदी पोस्टकार्डही चालेल.

आपली,
नीरजा

मस्कत, १४ फेब्रुवारी
(ई-मेलने)

पोरी,

छापून द्यायची गरज नाही. तुझा मेल आला तेव्हा मी मासळीबाजारात होतो, सुरमई कापून होईपर्यंत उभ्याउभ्या हे उत्तर लिहितोय. कान गेले तेव्हा अंगठे कामाला लावले. बँक, वीज, डॉक्टरची वेळ, विमानाचं तिकीट, सगळं मोबाइलवर. नातू मला विचारून करतो.

माझ्या खोलीत फॅक्स आहे तो फक्त श्यामसाठी. त्याच्यापायी वेगळा फोन ठेवलाय. मुलं त्या मशीनला आजोबांचा देव्हारा म्हणतात. म्हणू देत. श्यामला ई-मेल म्हटलं की घाम फुटतो. वर्गात कायम पहिला असायचा तो, आपल्याला एखादी गोष्ट येत नाही आणि ते दुसऱ्याला कळलंय, हे त्याला सोसत नाही. गणितात एकदा माझ्यापेक्षा कमी पडले तर आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता.

तेव्हा मी ई-मेल वापरतो हे त्याला अजिबात कळता कामा नये. शपथ आहे तुला. मला काय, मी फॅक्सही करीन आणि मेलही. त्याला बिचाऱ्याला दुसरं काय येतंय?

खाली आंब्याचं चित्र टाकलंय, मोबाइलवर बघ, हलतं.

गुरुप्रसाद

पुणे, २४ फेब्रुवारी
(पोस्टाने)

ती. काका,

मस्कतहून कळलं. गुरुकाकांचं फॅक्सचं मशीन बिघडलंय आणि सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत. त्यांची काही तक्रार नाही, तब्येत उत्तम आहे. यंदाचा मोहराचा कागद तुम्ही मला पाठवा, मी त्यांच्यापर्यंत पोचवते. ऑर्डर माझ्याकडे येईल, ती मी तुम्हाला कळवीन. म्हणजे कुणालाच काही नवं शिकायला नको.

लाइन बंद करायला आता हरकत नसावी.

नीरजा

पुणे, २४ फेब्रुवारी
(ई-मेलने)

आदरणीय गुरुकाका,

तुमचं गुपित माझ्यापाशी राहील. पण इकडे श्यामकाकांचं मशीनच बिघडलंय आणि दुरुस्त करणारा माणूस जिल्ह्यात उरलेला नाही. एका अर्थी बरंच झालं, कुणाला कमीपणा नाही. यंदाची ऑर्डर मला मेलने पाठवा, मी कागदावर छापून काकांना देईन. त्यांना फॅक्ससारखंच वाटेल.

नीरजा

मुरुड, १८ मार्च
(पोस्टाने)

चि. नीरजा,

मोहराचा कागद तुला पाठवला नाही, राग मानू नको. तू वाचून काय करणार? मोहर चांगला आहे, एवढं तुला पुरे.

मशीनवर जुना टॉवेल टाकला. ऑफिसात जाणंही सोडलं. गंधार म्हणतो, बाबा, नुसते येऊन बसा. नुसतं बसायचं तर घरची पडवी काय वाईट? तिथे समुद्राचा वारा तरी लागतो. तुझी काकू म्हणते, माणूस दिवसभर घरात असला की फार मोठा दिसतो.

गुरुप्रसादला पोस्टाने लिहिलं. उत्तर नाही. मशीन बिघडलं हे खरंच ना? की त्यालाच आता कंटाळा आला आणि तुझ्यामार्फत सांगितलं? तसं असेल तर त्याचा दोष नाही. दरवर्षी तेच आंबे, तोच तुडतुडा, माणूस किती वाचणार! पण मला वाईट वाटतंय गो. या वयात नवी माणसं जोडता येत नाहीत, आणि जुनी अशी एखाद्या वायरीवर टांगलेली.

अर्जावर सही करून पाठवतोय. आधीच्या अर्जाच्या मागे मजकूर झाला होता, म्हणून दापोलीहून दुसरा आणवला.

श्यामकाका

पुणे, २२ मार्च
(ई-मेलने)

आदरणीय गुरुकाका,

तुमची ऑर्डर आलेली नाही आणि मेलचं उत्तरही नाही. तुम्ही बरे आहात ना? श्यामकाका ऑफिसात जाईनासे झालेत. सही केलेला अर्ज त्यांनी पाठवलाय, तो माझ्या टेबलावर आहे. अजून दिलेला नाही. द्यायला हात होत नाही.

दोन ओळी तरी लिहा. कशावरही.

नीरजा

मुरुड, २० एप्रिल
(फॅक्सने, मार्फत विनीत झेरॉक्स, कोथरूड)

चि. नीरजा हिला श्याम दातार आणि गुरुप्रसाद खातू यांजकडून,

होय, दोघांकडून. नीट बसून वाच.

काल दुपारी मी पडवीत होतो. एसटी थांबली. आधी एक खोकं उतरलं, त्याला सुतळीचे एवढे फेरे की आतून काहीतरी पळून जाईल असं वाटावं. मग गुरुप्रसाद उतरला. मी उठलो तो धोतराचा सोगा हातात तसाच. तो लांबूनच ओरडला. ऐकू येत नसल्याने त्याला वाटतं जगालाही येत नाही.

"काय रे श्याम, तुझा मशीन बिघडला ना? माझा घेऊन आलो!"

मी म्हटलं, "माझा? अरे, तुझा बिघडलाय ना!" त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून अंगणातल्या मातीत काठीने लिहून दाखवलं. त्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, मग आम्ही दोघांनी तुझं नाव घेतलं. काय म्हणून घेतलं ते तुझी काकू लिहू देत नाही.

त्याला म्हणे तुझं पत्र आलं होतं. माझं पोस्टाचं पत्र मात्र त्याला मिळालंच नाही. तुझं वाचल्यावर त्याने महिनाभर नवं मशीन शोधलं, पण दुकानदार हसायचे. मग मुलांना न सांगता आपलंच खोक्यात घातलं आणि निघाला. मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्याने खोकं उघडायला लावलं. तरुण मुलगा, त्याला ते काय आहे हेच कळेना. त्याने वरच्या साहेबाला बोलावलं. साहेब निवृत्तीला आलेला होता. त्याने मशीनवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, जाऊ द्या यांना. तिथून रेल्वेने खेड, खेडहून एसटी. सगळा वेळ खोकं मांडीवर. माणूस आठ वर्षांनी गावाकडे आला, तो हे ओझं घेऊन.

आम्ही ऑफिसात गेलो. टॉवेल काढला, वायर लावली, मशीन सुरू झालं आणि लाइनही चालू निघाली. अर्ज तू दिलेला नाहीस हे त्यावरून कळलं, म्हणून शिक्षा थोडी कमी केली आहे. आता इथे दोन मशीन आणि एक लाइन आहे. एकमेकांना फॅक्स करून पाहिला, होत नाही.

शिक्षा अशी: लाइन चालू राहील आणि जाताना तो आपलं मशीन परत नेईल. तू पुन्हा कुणाचं काही बिघडवायचं नाही. गुरुप्रसाद म्हणतो, पोरगी लबाड आहे. मी म्हणतो, हुशार आहे. त्याच्या आग्रहाखातर दोन्ही लिहिलं.

मोहराचा कागद त्याला हातानेच दिला. समोर बसून वाचला त्याने, आणि तुडतुड्याबद्दल शंकाही काढली. तो आला, फार बरं झालं.

श्याम
गुरुप्रसाद

मुरुड, २२ एप्रिल
(ई-मेलने)

पोरी,

श्याम पलीकडच्या खोलीत दुपारचा झोपलाय, तेवढ्यात लिहितो. मी मेल वापरतो हे तू त्याला सांगितलं नाहीस, उपकार झाले. "पत्र आलं" म्हणून वेळ मारून नेली. तुझ्या मेलांना उत्तर दिलं नाही, कारण मशीन घेऊन यायचा बेत कुणालाच कळू द्यायचा नव्हता. मोबाइल एरवी बॅगेच्या तळाशी लुंगीत गुंडाळून ठेवतो. वाजला तर मला ऐकू येणार नाही आणि त्याला येईल, ही भीती.

तू कामाची माणूस आहेस, आज ना उद्या ऑर्डरीचीही चौकशी करशील, म्हणून आधीच सांगतो. मुलांनी आमच्या दुकानात आता मोठ्या पिशव्यांतला रस ठेवलाय, तो दुसरीकडून येतो. श्यामचे डबे दुकानात जातच नाहीत. ते माझ्या पलंगाखाली असतात. सणावाराला मी इथल्या मराठी घरांतून वाटतो. आता लोक मला लांबून पाहिलं की "काका, गेल्या वर्षीचा अजून आहे हो" म्हणतात.

पण ऑर्डर थांबली तर श्याम ऑफिसात कशाला जाईल? परवा टॉवेल काढताना त्याचं तोंड बघितलं मी. माझ्यावर उपकार कर, ऑर्डर बंद होऊ देऊ नको. आणि त्याला यातलं काही कळू देऊ नको.

गुरुप्रसाद

मुरुड, २२ एप्रिल
(ई-मेलने)

चि. नीरजा,

हा ई-मेल माझाच आहे. ओरडू नकोस आणि गंधारला फोन करू नकोस. गुरुप्रसाद पलीकडच्या खोलीत झोपलाय, घोरण्याचा आवाज नाही पण झोपलाच असणार. ऑफिसात फॅक्स करायला गेलो की तो पाठोपाठ येऊन मशीनशेजारी उभा राहतो, म्हणून हा नाइलाज.

दापोलीला तेजस्वी नावाच्या मुलीचा क्लास आहे, तिच्याकडे शिकलो. घरी दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगायचो. तुझी काकू अजून विचारते, एवढे दिवस जाऊन दात होता तसाच कसा. मोबाइल एरवी कोठीच्या खोलीत तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतो. गुरुप्रसादला हे कळलं तर आपण एकटेच मागे राहिलो असं त्याला वाटेल, ते मला नको.

आता मुख्य. गंधारने टिनचे डबे कधीच बंद केले, सगळा रस पिशव्यांत भरतात. मस्कतसाठी म्हणून मी रिकामे डबे मुद्दाम रत्नागिरीहून मागवतो. कारखान्यातली जुनी गंगुबाई आणि मी जुन्या यंत्रावर त्यांना झाकणं बसवतो. कंबर धरते माझी, आणि गंगुबाई दरवर्षी म्हणते, "भाऊ, ह्या शेवटचा हां." गंधारला ही ऑर्डर म्हणजे खोळंबा वाटतो. तुझ्याकडे तक्रार येईल, तेव्हा तू ती मनावर घेऊ नको.

गुरुप्रसादला मुलांनी गल्ल्यावरून उठवलंय. त्याने मला सांगितलं नाही, पण काल बोलताना "माझं दुकान" न म्हणता "मुलांचं दुकान" म्हणाला. वर्षातून एकदा ऑर्डर लिहितो, तेवढ्यापुरता तो दुकानदार असतो. ते आपण काढून घ्यायचं नाही. त्याला कळू द्यायचं नाही.

तो उठला वाटतं. तांदूळ उपसायला हवेत.

श्यामकाका

पुणे, २५ एप्रिल
(फॅक्सने)

आदरणीय श्यामकाका आणि आदरणीय गुरुकाका,

हा कागद मशीनमधून निघेल तेव्हा तुम्ही दोघंही शेजारी उभे असाल, म्हणून दोघांना मिळून लिहितेय.

तुमचा फॅक्स मिळाला. मी दोघांशी खोटं बोलले, चुकले. शिक्षा मान्य आहे. सही केलेला अर्ज मी फाडला. मुरुडची लाइन राहील, मस्कतचीही राहू द्या.

ई-मेल तुम्हाला दोघांनाही जमत नाही, हे मला माहीत आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ते शिकायचा आग्रह मी पुन्हा कधीही करणार नाही. मला तुमच्यापैकी कुणाकडून त्या फॅक्सखेरीज काही कळलेलं नाही, आणि कळलं असतं तरी आठवत नाही.

मस्कतची ऑर्डर आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. ती यंदाही नेहमीइतकीच घेऊ, आणि डबे टिनचेच जातील. गंधारला मी तसं बजावलंय. त्याने कारण विचारलं, तेव्हा मी म्हटलं की मोठं गिऱ्हाईक आहे. गंगुबाईंच्या मदतीला या हंगामात आणखी एक बाई द्यायला सांगितलंय. गुरुकाका, तुमच्या दुकानात डब्यांना चांगला उठाव आहे असं ऐकून आहे. तरी यंदा थोडे डबे मला इथे पुण्यात हवेत, ऑर्डरीतून तेवढे कमी केले तर चालतील का?

विनीतने दुकानातलं फॅक्सचं मशीन काढायचं ठरवलं होतं. ते मी घरी आणलंय. लँडलाइनचा अर्ज दिला तेव्हा तिथल्या बाईंनी मला दोनदा विचारलं, नक्की हवीय ना? परवा जोडून गेले. हा फॅक्स तिच्यावरूनच येतोय. मघाशी मशीन तपासायला फोन लावला तेव्हा पलीकडून तुम्ही दोघं एकदमच बोलत होता, म्हणून मला तीनदा "टोन द्या" म्हणावं लागलं.

पुढच्या महाशिवरात्रीला मोहराचा कागद गुरुकाकांना पाठवाल, तेव्हा एक प्रत मलाही पाठवा. सावकाश वाचीन, तुडतुड्याबद्दल शंकाही काढीन. नंबर वर लिहिलाय.

माझं मशीन उत्तम चालतंय. ते बिघडलं असं कुणी कळवलं तर विश्वास ठेवू नका.

तुमची,
नीरजा